गाडी मिसिंग मारतेय आणि इंजिन खडखडतंय: खोलायच्या आधी घरी काय काय तपासता येतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे, लाखभर किलोमीटर झालेत, सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केली की दोन-तीन सेकंद इंजिनमधून खडखड येते आणि जाते, मग आयडलिंगला स्टेअरिंग थरथरत राहतं, आणि चढावर ॲक्सिलरेटर दाबला की गाडी मिसिंग मारते (म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मधूनमधून पेट्रोल जळतच नाही), पिकअप जातो, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. एकाने सांगितलं इंजिन खोलावं लागेल, दुसरा म्हणाला नुसते प्लग बदला. आणि तुम्हाला कळत नाहीये की दोघांपैकी कोणाचं ऐकायचं आणि घरच्या घरी काही बघता येईल का. येतं, बरंच बघता येतं. मी गाड्यांचीच कामं करतो, जे क्रमाने करतो तेच लिहितोय, जरा लांबेल पण सगळं वाचा.

सगळ्यात आधी, दिवा नुसता पेटून राहिला आणि दिवा लुकलुकला यात फार फरक आहे. नुसता पेटलाय म्हणजे कॉम्प्युटरने काहीतरी नोंद केलीय, सावकाश तपासा. लुकलुकतोय म्हणजे आत्ता या क्षणी इतकं मिसिंग होतंय की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनीत जाऊन धूर साफ करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतंय. तिथलं सिरॅमिक त्या उष्णतेने वितळतं, आणि मग एका कॉइलच्या (प्लगला ठिणगीचा करंट देणारा पार्ट) कामाचं रूपांतर हा कन्व्हर्टर, म्हणजे कॅटकॉन, बदलण्यात होतं. तेव्हा दिवा लुकलुकला की पाय उचलायचा, लोड कमी करायचा, आणि तपासणी होईपर्यंत त्या गाडीने चढ चढायचा नाही. हे मी कळकळीने सांगतोय कारण लोक महिनाभर तशीच चालवतात आणि मग खर्च कुठल्या कुठे जातो.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही मिसिंग आणि खडखड एकाच वाक्यात लिहिलंय, म्हणून ऐकणारा माणूस दोन्हीचं मिळून एकच मोठं कारण शोधतो आणि तिथूनच इंजिन खोलायची भाषा सुरू होते. प्रत्यक्षात हे दोन वेगळे आजारही असू शकतात, आणि लाखभर किलोमीटरच्या गाडीत बऱ्याचदा असतातच. कधी मात्र खरंच एकच असतो: टायमिंग चेन (पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा म्हणजे क्रँक, व्हॉल्व्ह उघडणारा दांडा म्हणजे कॅम, या दोघांना जोडणारी साखळी) ताणली गेली तर ती वाजतेही आणि व्हॉल्व्हचं टायमिंग सरकल्यामुळे इंजिन मिसिंगही मारतं. ऑइल कमी असेल तर टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधले छोटे पार्ट) वाजतात आणि व्हॉल्व्ह नीट उघडत नाहीत. व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटली, रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा हात) निसटला, तर टकटक आणि मिसिंग दोन्ही एकाच सिलिंडरमधून येतात. उलट दिशेनेही होतं, म्हणजे आधी मिसिंग, त्याने कॅटकॉनची आतली सिरॅमिकची वीट फुटली आणि आता ती खडखडतेय, किंवा मिसिंगने इंजिन इतकं हलतंय की सायलेन्सरवरचा सैल पत्रा वाजतोय. म्हणून पहिलं काम हे की दोन्ही तक्रारी वेगवेगळ्या कागदावर लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे लिहायचं: थंड इंजिनला की गरम, आयडलला की लोडला, गाडी उभी असताना रेस दिली तरी होतं की फक्त गिअरमध्ये, एसी लावल्यावर बदलतं का, पावसात किंवा दमट हवेत वाढतं का. हे सगळं नीट माहीत असेल तर अर्धं निदान तिथेच झालेलं असतं. तुमच्याकडे खडखड थंडीत आणि मिसिंग लोडला आहे, दोघांच्या वेळा वेगळ्या आहेत, म्हणून माझा पहिला कल दोन आजारांकडे आहे.

पण कॉम्प्युटरने नोंदवलेला कोड वाचायच्या आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी. सपाट जागी गाडी, इंजिन बंद करून पाचेक मिनिटं थांबायचं, काढायची, पुसायची, परत घालून काढायची. ऑइल खालच्या खुणेच्या खाली असेल तर बाकी काहीही तपासण्यात अर्थ नाही, आधी योग्य ग्रेडचं ऑइल भरा आणि मग पुढचं. लेव्हल ठीक असेल तर वास घ्या, पेट्रोलचा वास येत असेल तर मिसिंग मारणाऱ्या सिलिंडरमधलं पेट्रोल खाली उतरतंय, ते ऑइल पातळ झालंय आणि बदलायलाच हवं. कॉफीसारखं दुधाळ दिसलं तर कूलंट आत शिरतंय, तेव्हा स्टार्टच करू नका. नुसत्या ऑइल भरायच्या झाकणाखाली जरासा पिवळट फेस असेल तर घाबरायचं कारण नाही, छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत दमटपणाने तो जमतो, डिपस्टिकवर काय आहे ते महत्त्वाचं. आणि मागच्या सर्व्हिसला कुठलं ऑइल टाकलं ते बिल काढून बघा, कारण ०डब्ल्यू-२० मागणाऱ्या इंजिनात कोणी २०डब्ल्यू-५० ओतलं असेल तर सकाळची खडखड तिथूनच सुरू होऊ शकते, जाड ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ घेतं.

मग ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारं यंत्र. साधा ब्लूटूथवाला चालतो, फोनवर ॲप टाकायचं. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे शेवटच्या आकड्याचा सिलिंडर मिसिंग मारतोय, पी०३०० म्हणजे एकाहून जास्त किंवा कुठलाही ठरावीक नाही. एक नंबरचा सिलिंडर कुठल्या बाजूचा ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या, अंदाजाने मोजू नका, बहुतेक आडव्या इंजिनात तो बेल्टच्या किंवा चेनच्या बाजूला असतो पण सगळ्यात नाही. कोड मिळाला की लगेच पुसायची घाई करू नका, आधी फ्रीझ फ्रेम उघडा, त्यात कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती, कूलंट किती गरम, लोड किती होता हे साठवलेलं असतं आणि कोड पुसला की ते जातं. स्क्रीनशॉट काढून ठेवा. सोबत पी०१७१ असेल तर मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) आहे, पी०३०० बरोबर पी०१७१ आला तर मी कॉइलकडे बघतही नाही, आधी हवा आणि पेट्रोल बघतो. आणि पी००१६ असेल, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही, तर खडखडीचा नि मिसिंगचा धागा एकच असायची शक्यता एकदम वाढते, त्यावर खाली येतो.

कोड एकाच सिलिंडरचा असेल तर नशीब चांगलं समजा. समजा पी०३०२ आला. इंजिन थंड असताना दोन नंबरची कॉइल काढून तीनमध्ये लावा आणि तीनची दोनमध्ये. त्याच वेळी दोनचा प्लग काढून चारमध्ये आणि चारचा दोनमध्ये. इंजेक्टरला (पेट्रोल फवारणारा पार्ट) हात लावायचा नाही. कोड पुसा, गाडी चालवा, मिसिंग यायची तीच परिस्थिती क्षणभरच आणा, परत वाचा. आता पी०३०३ आला तर कॉइल गेलीय, पी०३०४ आला तर प्लग, आणि पी०३०२ च राहिला तर इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब). एकही नवीन पार्ट न आणता एका फेरीत उत्तर मिळतं. लोक चारही कॉइल, चारही प्लग एकदम बदलतात आणि मिसिंग तसंच राहिलं की मग म्हणतात आता इंजिनच गेलं, तसं करू नका.

प्लग काढताना घाई नको, यात नुकसान होतं ते आट्यांचं. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग काढला तर आटे सोबत घेऊन येऊ शकतो. आधी प्लगच्या खड्ड्यातली धूळ हवेने उडवा नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. परत बसवताना पहिले काही आटे हाताने, नुसता सॉकेट आणि एक्स्टेन्शन बोटांनी फिरवून, जरा जरी अडला तरी मागे घेऊन परत. नवीन प्लग वायसरवाला असेल तर हाताने पूर्ण बसल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरतो, टॉर्क रेंच असेल तर मॅन्युअलमधला आकडा.

काढलेला प्लग उजेडात नीट बघा, हा सगळ्यात जास्त बोलणारा पार्ट आहे. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी म्हणजे तब्येत बरी. कोरडी काजळी म्हणजे मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) आहे किंवा ठिणगीच पडत नाहीये. ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे पेट्रोल येतंय पण जळत नाही. तेलकट काळा म्हणजे ऑइल वर चढतंय. चारातला एकच प्लग अगदी धुतल्यासारखा स्वच्छ दिसला तर मला शंका येते, त्या सिलिंडरमध्ये कूलंट झिरपून वाफ होत असू शकते. आणि आता टोकावरून वर या, पांढऱ्या पोर्सिलेनवर बघा. तिथे पेन्सिलने उभी बारीक रेघ मारल्यासारखी काळी रेघ दिसली तर करंट टोकापर्यंत न जाता बाहेरूनच बॉडीला उतरतोय. मग कॉइलच्या रबरी बुटात आतून टॉर्च मारा, तिथेही त्याच जागी जळाल्याची खूण असते. हे दिसलं तर प्लग आणि बूट दोन्ही बदलायचे, नुसता प्लग बदलला तर जुन्या बुटातली ती वाट नव्या प्लगलाही खराब करते. लोडला मिसिंग आणि आयडलला त्या मानाने कमी, अशा तक्रारीत मला हीच रेघ बऱ्याचदा सापडते, कारण लोडला सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि करंट मग सोपी वाट शोधतो. प्लगचा खड्डा ऑइलने भरलेला असेल तर वरच्या कव्हरचं गॅस्केट आणि ट्यूबची सीलं गेलीयत, ते ऑइल रबर फुगवून टाकतं, तेही आधी नीट करा.

प्लगच्या टोकाचा गॅप फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मोजा, बहुतेक गाड्यांत ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये. इरिडियमच्या प्लगला तारेचा ब्रश लावू नका, त्याचं टोक सुईसारखं नाजूक असतं.

कोड जागेवरून हलला नाही तर इंजेक्टर. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाजवळ, किंवा मेकॅनिकचा स्टेथोस्कोप, आयडलला चारही टिकटिक एकसारखे वाजले पाहिजेत, एक मुका असेल तर वायर किंवा तोच. मल्टिमीटरने रेझिस्टन्स बघता येतो, साध्या पोर्ट इंजेक्शनमध्ये साधारण १२ ते १६ ओहम येतो आणि चारही जवळपास सारखे असायला हवेत. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत मात्र ही लाइन घरी उघडायची नाही, दाब प्रचंड असतो. आणि त्या इंजिनांचे इंजेक्टर मुळातच टकटक करतात, तो आवाज आजार समजून मागे लागू नका.

कोड पी०३०० असेल, म्हणजे सगळीकडे थोडं थोडं मिसिंग, तर लाइव्ह डेटामध्ये फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा) उघडा, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म. बेरीज उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. अधिक २० वगैरे दिसत असेल तर कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत चाललाय. आता गाडी उभी ठेवून रेस २५०० वर धरा: ट्रिम खाली आली तर कुठूनतरी जास्तीची हवा आत शिरतेय, कारण आयडलला ती गळती एकूण हवेच्या मानाने मोठी असते आणि रेसला किरकोळ. उलट लोडवर ट्रिम वाढत गेली तर पेट्रोलच पुरत नाहीये, पंप किंवा फिल्टर. यात दोन गोष्टी लक्षात ठेवा ज्या कोणी सांगत नाही. एक, ज्या गाडीत मॅफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) नसून मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजणारा) आहे तिथे हे गणित इतकं स्वच्छ दिसत नाही, तिथे आयडल उगाच वर राहणं ही गळतीची जास्त भरवशाची खूण. दोन, मिसिंग मारणाऱ्या सिलिंडरमधून न वापरलेला ऑक्सिजन बाहेर जातो आणि सेन्सरला वाटतं मिश्रण लीन आहे, म्हणजे दोष ठिणगीचा असतो आणि ट्रिम लीन दाखवते. एकाच सिलिंडरचा कोड आणि ट्रिम वाढलेली असं असेल तर आधी तो सिलिंडर नीट करा, मग ट्रिम बघा.

हवेची गळती शोधायला पीसीव्हीची नळी (इंजिनातली वाफ परत आत ओढणारी), ब्रेक बूस्टरची नळी, थ्रॉटल बॉडीपासून मॅनिफोल्डपर्यंतचं रबर, सगळं हाताने वाकवून बघा, भेगा वळणाच्या खालच्या बाजूला असतात आणि वरून दिसत नाहीत. गार्डन पाइपचा तुकडा एक टोक कानाशी धरून फिरवला की फुसफुस नेमकी कुठे ते कळतं. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून बघायची पद्धत बरेच जण वापरतात, पण ते पेट घेतं, घरी ते नकोच, त्याऐवजी स्प्रेच्या बाटलीतून साधं पाणी मॅनिफोल्डच्या सांध्यांवर मारा, गळती असेल तिथे क्षणभर इंजिनाचा आवाज बदलतो. कॉइल आणि कनेक्टरपासून लांब.

गाडी सीएनजी किंवा एलपीजीवरही चालत असेल तर दोन्हीवर चालवून बघा, हे फुकटचं निदान आहे. गॅसवरच मिसिंग आणि पेट्रोलवर ठीक, तर आधी प्लग-कॉइल, कारण गॅसला ठिणगी जोरदार लागते आणि थकलेली कॉइल गॅसवर आधी उघडी पडते, त्यानंतर गॅसचे इंजेक्टर. दोन्हीवर सारखंच आणि प्लग-कॉइलही ठीक, तर इंजिनाच्या अंगात बघावं लागेल, आणि गॅसच्या गाडीत तेव्हा व्हॉल्व्हचा क्लिअरन्स (टॅपेटपाशी ठेवलेली बारीक फट) आधी मोजायचा. सैल टॅपेट वाजतो म्हणून लोक त्याला घाबरतात, पण खरा घातक असतो तो आवळलेला टॅपेट: तो वाजत नाही, व्हॉल्व्ह पूर्ण बसू देत नाही, आणि व्हॉल्व्ह जळतो. गॅसवर व्हॉल्व्हची सीट झिजत जाते तसा क्लिअरन्स कमी होत जातो. इंजिन दिवसेंदिवस शांत होत गेलं आणि मग मिसिंग सुरू झालं असं कोणी सांगितलं की माझे कान टवकारतात.

कॉम्प्रेशन टेस्ट घरी करता येते, गेज भाड्याने किंवा ओळखीच्याकडून मिळतं. इंजिन गरम करा, थोडं निवू द्या, चारही प्लग बाहेर, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, कॉइलचे कनेक्टर काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून कोणालातरी सेल्फ मारायला सांगा, पाच-सहा दाब येईपर्यंत. प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहा. निरोगी पेट्रोल इंजिन बहुधा १५० ते २०० पीएसआयच्या दरम्यान देतं, पण आकड्यापेक्षा चौघांतला फरक बघा, दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. एकच खूप कमी असेल तर त्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत सेल्फ मारा: आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सारखेच खाली असतील तर त्या दोघांमधलं गॅस्केट. रोज सकाळी पहिल्या काही सेकंदांपुरतंच एक सिलिंडर मिसिंग, पांढरा धूर, आणि कूलंट हळूहळू कमी, पण बाहेर कुठे गळती नाही, हे तिन्ही जुळले तरी संशय गॅस्केटवरच. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडायचं नाही.

आता आवाज. आवाजाच्या बाबतीत लोक शब्दांवर अडकतात, खडखड की टकटक की घरघर, त्यापेक्षा दोन गोष्टी बघा: आवाज कुठून येतो आणि किती वेगाने येतो. आयडल ८०० आरपीएमला क्रँक सेकंदाला तेरा वेळा फिरतो आणि कॅम त्याच्या अर्ध्याने, म्हणजे सेकंदाला साडेसहाच्या आसपास. म्हणून टॅपेट, रॉकर, व्हॉल्व्ह यांचा आवाज अर्ध्या वेगाने येतो, मोजता येण्याजोगा, आणि खालच्या बेरिंगचा किंवा पिस्टनचा बहुधा क्रँकच्या वेगाने, दाट. कानाने जमत नसेल तर फोनवर व्हिडिओ काढा आणि पाव वेगाने लावून मोजा, चांगलं कळतं. ऐकताना बाह्या, ओढणी, गळ्यातलं काहीही सैल नको, बेल्ट आणि फॅनपासून हात लांब, फॅन आपोआप सुरू होतो. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही.

तुमच्यासारखी सकाळची दोन-तीन सेकंदांची खडखड ही बहुतेक वेळा चेनच्या टेन्शनरची (चेन ताणून धरणारा पार्ट) असते. टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, रात्रभरात त्यातलं ऑइल उतरतं, स्टार्ट केल्यावर दाब यायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात सैल चेन गाइडवर आपटते. इथे सगळ्यात आधी बघायचा तो ऑइल फिल्टर. बऱ्याच फिल्टरांत आत एक रबरी व्हॉल्व्ह असतो जो ऑइल मागे वाहू देत नाही, हलक्या फिल्टरात तो कडक होऊन गळतो. योग्य ग्रेडचं ऑइल आणि चांगला फिल्टर टाकून आठवडाभर बघा, खडखड गेली किंवा निम्मी झाली तर चेन उघडायची आजच गरज नाही. पण आवाज दोन-तीन सेकंदांवरून दहावर गेला, किंवा गरम इंजिनालाही रेस सोडताना चेनच्या कव्हरमधून सर्रकन येतो, किंवा पी००१६ सोबत आहे, तर मग वाट बघू नका. बऱ्याच इंजिनांत चेनने एक-दोन दात उडी मारली की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात, आणि तेव्हा खरंच इंजिन खोलावं लागतं. अशी गाडी चालवत नेऊ नका, ओढून न्या.

टॅपेटसारखाच हुबेहूब टकटक आवाज एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गळतीचाही येतो, यात भलेभले फसतात. थंड असताना मोठा, धातू गरम होऊन फुगला की कमी. गॅस्केटच्या कडेला काजळीचा काळा फराटा किंवा तुटलेला स्टड दिसतोय का बघा, तोच गार्डन पाइप इथेही कामाला येतो.

पत्र्याचा आवाज मात्र एका ठरावीक आरपीएमलाच झणझणतो, खाली-वर गेलं की गायब. सायलेन्सर थंड असताना हाताने हलवून बघा, सैल पत्रा लगेच सापडतो, मोठी होज क्लिप आवळली की काम झालं. कॅटकॉनवर थंड असताना रबरी हातोडीने किंवा मुठीने ठोका, आत खडे हलल्यासारखं वाजलं तर वीट फुटलीय, आणि मग तुमचा पिकअप जाण्याचं कारणही तिथेच असू शकतं. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर नाही, स्टँडवर. अल्टरनेटर, पुली, एसी कॉम्प्रेसर यांचा संशय असेल तर बेल्ट काढून इंजिन अर्धा मिनिट चालवा, आवाज गेला तर तो इंजिनाचा नव्हताच. त्याहून जास्त वेळ नको, अनेक गाड्यांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर असतो.

दोन आवाज असे आहेत जे ओळखता यायलाच हवेत. चढावर, कमी आरपीएमला, गरम इंजिनात बारीक किणकिण येते ती पेट्रोल वेळेआधी पेटण्याची, म्हणजे ऑक्टेन कमी किंवा आत कार्बन, खालचा गिअर टाकला की थांबते. आणि दुसरा, खालून येणारी जड ठकठक, जी गरम झाल्यावर कमी न होता वाढते आणि लोडला जोर धरते. इंजिन बंद करून संशय असलेल्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढा, परत स्टार्ट करा, ठकठक एकदम मंद झाली तर त्या रॉडचं बेरिंग गेलंय. ऑइलच्या दाबाचा दिवा आयडलला मिचमिचत असेल तर शंकाच उरत नाही. तिथे घरी करण्यासारखं काही नाही, गाडी बंद करा आणि परत स्टार्ट करू नका. थंडीत ठकठक आणि गरम झाल्यावर पूर्ण शांत, तर ते बहुधा पिस्टनचं असतं, ऑइल खात नसेल तर तशी इंजिनं पुढे बराच काळ चालतात.

तुमच्या लक्षणांवरून मी असं करीन: आज डिपस्टिक आणि कोड, फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट, मग कॉइल-प्लगची अदलाबदल, त्यात प्लगच्या पोर्सिलेनवरची रेघ नक्की बघायची. मिसिंग तिथेच सुटेल असं मला बऱ्यापैकी वाटतं. खडखडीसाठी ऑइल-फिल्टर, पण तो मिसिंगचा निकाल लागल्यानंतर, दोन्ही एकदम केलं तर कशाने काय बरं झालं ते कळणार नाही. पी००१६ दिसला तर गाडी चालवू नका, आधी चेन; अदलाबदलीनंतर कोड हललाच नाही तर इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. आणि एवढं करूनही कोणी इंजिन खोलायचं म्हणत असेल तर त्याच्याकडून चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशनचे आकडे लिहून घ्या, जो कमी आहे त्याची लीकडाउन टेस्ट तुमच्यासमोर करायला सांगा. त्यात सिलिंडरमध्ये हवा भरतात: हवा इनटेककडून फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. नुसतं हेड उतरवायचं की पूर्ण इंजिन, हे त्या एका टेस्टवर ठरतं.